त्रिमिती फोटोंसाठी भिंग किती नंबरचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या मुंबईचे जोडचित्र (डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी किंचित वेगळ्या जागांवरून काढलेले दोन शेजारी फोटो) छापून ते त्रिमितीत कसे पाहावे याची चौकट दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. मराठी वृत्तपत्रात हा विषय फार क्वचित येतो. चौकटीतला एक सल्ला मात्र दुरुस्त करायला हवा. भिंग जितके जास्त ताकदीचे, तितकी खोली जास्त दिसते, असे त्यात सुचवले आहे. त्या सल्ल्याने कोणी पुरवणीतले चित्र कापून दहा नंबरच्या भिंगाखाली धरले, तर त्याला इमारतींऐवजी छपाईचे ठिपके दिसतील. खोली तर उलट कमी होईल. त्यातून 'हे आपल्याला दिसत नाही' असा समज करून घेऊन तो वाचक विषयच सोडून देईल, आणि ते फार वाईट. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी डोळ्याचे माप. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. पंचांगात ग्रहांच्या अंशांपुढे ज्या कला छापलेल्या असतात, त्याच या. ज्याची नजर ६/६ आहे त्याला साधारण १ कलेच्या अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. चित्र २० सेंमीवर असेल तर १ कला म्हणजे ०.०५८ मि.मी., १० सेंमीवर त्याच्या निम्मे, ०.०२९ मि.मी. चित्रातले सर्वांत लहान ठिपके यापेक्षा मोठे असतील तर ते ठिपके म्हणून दिसू लागतात. भिंग नवा तपशील तयार करत नाही. चित्र डोळ्याच्या जवळ आणूनही ते स्पष्ट दिसावे, एवढीच सोय ते करते. चित्रात तपशील असेल तर तो दिसतो, नसेल तर तो कुठे संपला ते दिसते.

यावरून एक सोपा हिशेब निघतो. एका डोळ्याच्या चित्राच्या रुंदीत जितके बिंदू किंवा पिक्सेल आहेत, त्यांना ६० ने भागा. जो आकडा येईल तितके अंश रुंदीपर्यंत ते चित्र पूर्ण शार्प दिसेल. १२०० पिक्सेल असतील तर २० अंश. त्याच चित्राचे ४० अंश केले की प्रत्येक पिक्सेल २ कलांचा झाला, आणि ८० अंश केले की ४ कलांचा. २ कलांपर्यंत चित्र चांगले दिसते. ३ ला मऊ वाटू लागते. ४ च्या पुढे गेले की पिक्सेलची जाळी दोन्ही डोळ्यांत एकत्र जुळते आणि दृश्याच्या पुढे, खिडकीला लावलेल्या डासांच्या जाळीसारखी स्वतंत्र पातळीवर दिसते. मग नजर त्या जाळीवरच अडकते. सपाट फोटोत ही जाळी इतकी जाचत नाही. जोडचित्रात तिला स्वतःची खोली मिळते, म्हणून ती जास्त टोचते.

आता आपल्या पुरवणीतल्या चित्राकडे येऊ. वृत्तपत्राच्या कागदावर फोटो इंचाला साधारण ८५ ते १०० रेषांच्या जाळीने छापले जातात. १०० रेषा धरल्या तरी दोन ठिपक्यांमधले अंतर ०.२५ मि.मी. होते. हातात धरून ४० सेंमीवरून वाचताना हे २ कलांच्या थोडे वर जाते, म्हणून चित्र बरे दिसते. २० सेंमीवर, म्हणजे चष्म्याच्या प्लस ५ नंबरच्या भिंगातून, तेच ४.४ कला होतात आणि १० सेंमीवर जवळजवळ ९. शिवाय डाव्या आणि उजव्या चित्रातले ठिपके एकमेकांशी जुळणारे नसतात, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना वेगवेगळे ठिपके मिळतात आणि सगळ्या चित्रावर एक अस्वस्थ चमचम येते. वर्तमानपत्रात छापलेले जोडचित्र भिंगाशिवाय, समांतर नजरेने, म्हणजे लांब पाहत असल्यासारखी नजर सैल सोडून पाहावे, हाच त्याचा योग्य मार्ग आहे.

दोन फोटो शेजारी चिकटवलेल्या मूळ जुन्या कार्डांची गोष्ट वेगळी. ती रासायनिक प्रक्रियेने, निगेटिव्ह कागदावर दाबून धरून काढलेली चित्रे आहेत. त्यांत जाळी नाही आणि बारकावा भरपूर आहे. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आरशांचा स्टिरिओस्कोप (जोडचित्र त्रिमितीत दाखवणारे उपकरण) मांडला, डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये भिंगांचा केला, आणि ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ मध्ये हातात धरायचा लाकडी स्टिरिओस्कोप बनवून त्याचे पेटंटही घेतले नाही. होम्सच्या नमुन्यातली भिंगे साधारण २०० मि.मी. नाभीय अंतराची (भिंगापासून सूर्याचा ठिपका जिथे पडतो तिथपर्यंतचे अंतर) असतात. चष्म्याच्या भाषेत प्लस ५ नंबर, आणि २५ सेंमीवरून नुसत्या डोळ्याने पाहण्याच्या तुलनेत विशालन फक्त सव्वापट. सव्वापट ऐकून अनेकांना ते कमी वाटते. ७५ मि.मी. रुंदीचे चित्र त्यातून सुमारे २१ अंश दिसते, खोलीच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीसारखे. पण त्या २१ अंशांत दिसते ते सगळे शार्प असते, आणि जोडचित्राचा खरा आनंद तिथेच आहे. आपला डोळा खोलीतला फरक १ कलेपेक्षाही कितीतरी बारीक, काही विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) ओळखतो. कडा धूसर झाल्या की हे सूक्ष्म थर आधी जातात आणि ठळक दोन-तीन थर तेवढे उरतात.

भिंगाने खोली वाढते की घटते, हे कोणत्या लेन्सने फोटो काढला त्यावर ठरते. फोटो घेताना दृश्य जितके अंश रुंद होते तितकेच अंश पाहताना दिसले तर आकार खरे दिसतात. चित्र त्याहून जास्त अंशांपर्यंत फुगवले तर दृश्य जवळ येते, रुंदी तशीच राहते आणि खोली दबते. माणसे पुठ्ठ्यातून कापलेल्या बाहुल्यांसारखी सपाट थरांत उभी दिसतात. कमी अंशांत पाहिले तर उलट होते. खोली ताणली जाते, अंगण बोगद्यासारखे लांबते. तेव्हा जास्त ताकदीचे भिंग लावणे म्हणजे खोली दाबणे. साध्या शहरी दृश्यात थोडी ताणलेली खोली चालते, चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र चालत नाही. नाक लांबते.

आजचा बहुतेक वाचक कार्डावर पाहणार नाही, मोबाइलवर पाहील. म्हणून त्याचे आकडे देतो. साडेसहा इंची, २४०० × १०८० पिक्सेलचा फोन आडवा धरला की पडदा सुमारे १५० मि.मी. रुंद असतो आणि एक पिक्सेल ०.०६३ मि.मी. गुगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा 'कार्डबोर्ड' आणला, त्यात ४५ मि.मी. नाभीय अंतराची भिंगे होती, आणि आजही बाजारातल्या स्वस्त व्हीआर डब्यांत ४० ते ५० मि.मी.चीच भिंगे मिळतात. त्यांतून हा पिक्सेल ४.८ कलांचा दिसतो. ते डबे चारही बाजूंनी वेढणाऱ्या दृश्यासाठी बनलेले आहेत. त्या कामाला रुंदी लागते आणि स्पष्टतेचा तोटा पत्करावा लागतो. स्थिर जोडचित्रासाठी ते चुकीचे साधन आहे. तोच फोन १०० मि.मी.च्या भिंगातून पाहिला तर पिक्सेल २.१५ कला, २०० मि.मी.च्या भिंगातून १.०८ कला. बऱ्याच ओलेड पडद्यांत लाल आणि निळे उपबिंदू हिरव्यांच्या निम्मेच असतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे आकडे आणखी थोडे सैल धरावेत.

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने आडवा फोटो काढला तर तो साधारण ६७ अंश रुंद असतो. तितकेच अंश शार्प पाहायचे तर एका डोळ्याला ४००० पिक्सेल हवेत, आणि पडद्याकडे आहेत १२००. हे गणित जमतच नाही. पण कॅमेरा २ एक्सवर ठेवला तर फोटो ३७ अंशांच्या आसपास येतो. ६५ मि.मी. रुंदीच्या चित्राला ३७ अंश करायला ९८ मि.मी.चे, म्हणजे प्लस १० चे भिंग लागते. आकार खरे, पिक्सेल २.२ कलांचा. आजच्या साध्या फोनवर स्पष्टता आणि विशालन यांचा सर्वांत चांगला मेळ इथे बसतो, असे माझे ठाम मत आहे. २ एक्सवर काढा, प्लस १० मधून पाहा. ज्याला जाळी अजिबात सहन होत नाही त्याने प्लस ५ घ्यावे आणि खोली ताणलेली दिसेल हे मान्य करावे.

प्लस १० हा नंबर जुन्या लोकांच्या ओळखीचा आहे. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत रूढ होण्याआधी जे जाड, सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखे चष्मे मिळत, ते साधारण याच नंबरचे असत. चष्म्याच्या दुकानात भिंग मागताना नाभीय अंतर सांगू नका, नंबर सांगा. १००० ला मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागले की नंबर येतो.

खर्च करण्याआधी एक प्रयोग करून पाहावा. वाचायचे तयार चष्मे प्लस अडीचचे मिळतात. दोन चष्मे एकावर एक घातले की प्लस ५ होतात. फोन २० सेंमीवर उभा करा. पडद्यावर दोन चित्रे प्रत्येकी ६० मि.मी. रुंद, मध्यापासून मध्यापर्यंत ६० मि.मी. अंतराने ठेवा, आणि नाकापासून पडद्यापर्यंत पुठ्ठ्याचा आडपडदा धरा म्हणजे डाव्या डोळ्याला उजवे चित्र दिसणार नाही. लांब पाहत असल्यासारखी नजर सैल सोडा. काही सेकंदांत दोन्ही चित्रे एकात मिसळतात. लांबचा नंबर असलेल्यांनी तो चष्मा काढू नये, त्यावरूनच हे दोन घालावेत. चष्मा काढला तर चित्राची जागा बदलते. मायनस २ वाल्याला चित्र १४ सेंमीवर आणावे लागते आणि प्लस २ वाल्याला ३३ सेंमीवर न्यावे लागते. दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल तर एका डोळ्याला चित्र शार्प आणि दुसऱ्याला धूसर राहते. मेंदू काही वेळ चांगले चित्र निवडून काम भागवतो, पण दहा मिनिटांत डोके जड होते. चाळिशी लागलेल्यांना मात्र स्टिरिओस्कोप सोयीचा आहे. चित्र बरोबर नाभीय अंतरावर असले की डोळ्याला जवळचे पाहण्याचा ताण घ्यावाच लागत नाही.

आता पक्का स्टिरिओस्कोप. एक नियम सगळ्यांत आधी. दोन भिंगांच्या मध्यबिंदूंमधले अंतर हे दोन चित्रांतल्या सर्वांत दूरच्या वस्तूच्या दोन बिंदूंमधल्या अंतराइतके असावे. असे केले की डोळे समांतर राहतात, बाहेरच्या बाजूला ओढले जात नाहीत. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर सरासरी ६३ मि.मी. असते, आणि जुन्या कार्डांवर चित्रांमधले अंतर ७५ ते ८० मि.मी., काहींवर त्याहून जास्त. म्हणून भिंगांचे मध्य ७६ मि.मी.वर बसवले तर प्रत्येक डोळा भिंगाच्या मध्याच्या साडेसहा मि.मी. आतून पाहतो. तिथे भिंग प्रिझमसारखे वागते. ब्रूस्टर यांनी एकच भिंग मधोमध कापून, जाड बाजू मध्याऐवजी बाहेर येईल अशी उलटसुलट बसवली, ती याच कारणासाठी.

पण प्रिझम आला की रंगांची किनार येते. इथे भिंग कशाचे आहे याला महत्त्व आहे. प्लस ५ चे भिंग आणि साडेसहा मि.मी. सरकणे, म्हणजे सव्वातीन प्रिझम (भिंग प्रकाश किती वळवते त्याचे चष्म्याच्या दुकानातले माप). साध्या सीआर-३९ प्लास्टिकमध्ये लाल आणि निळ्या रंगांतली फाकणी जेमतेम २ कला होते. त्याच नंबरच्या पॉलीकार्बोनेट भिंगात ती ३.७ कला. दुकानदार 'पॉली घ्या, फुटत नाही, पातळ असते' असे सुचवेल. स्टिरिओस्कोपसाठी ते घेऊ नका. सीआर-३९ किंवा साधी काच मागा. प्लस ५, ४५ मि.मी. गोल, आणि लेन्सोमीटरवर (भिंगाचा नंबर मोजायच्या यंत्रावर) मध्यबिंदूला शाईचा ठिपका करून द्यायला सांगा. ४५ मि.मी.ची दोन भिंगे ७६ मि.मी. अंतराने बसवली की मध्ये ३१ मि.मी. जागा उरते, नाकापुरती. प्लस १० च्या भिंगात हेच सरकणे ठेवले तर सीआर-३९ मध्येही फाकणी ४ कलांजवळ जाते. म्हणून प्लस १० वापरायचे असेल तर भिंगांचे मध्य डोळ्यांच्याच अंतरावर, ६३-६५ मि.मी.वर ठेवावेत आणि चित्रेही त्याच अंतरावर लहान करून मांडावीत. फोनच्या दोन्ही कडांना काळी पट्टी उरते, ती उरू द्या. सगळा पडदा भरण्याच्या मोहात लोक चित्रे ७५ मि.मी.वर नेतात आणि मग दूरचे डोंगर जुळत नाहीत किंवा प्रत्येक कडेला जांभळी-पिवळी रेघ येते.

याहून चांगली भिंगे हवी असतील तर पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार गाठावा आणि तुटकी दुर्बीण शोधावी. ७×५० किंवा १०×५० जातीच्या दुर्बिणीची पुढची मोठी भिंगे दोन काचा जोडून केलेली, रंग सावरणारी असतात, आणि त्यांचे नाभीय अंतर साधारण १९० ते २०० मि.मी.च्या घरात असते. ५० मि.मी. व्यासाची ही दोन भिंगे ७६ मि.मी. अंतरावर आरामात बसतात आणि रंगीत किनार जवळजवळ नाहीशी होते. आतले प्रिझम फुटलेले असले तरी चालते, पण दोन्ही मोठी भिंगे एकाच दुर्बिणीची असली पाहिजेत. वेगवेगळ्या नाभीय अंतराची भिंगे एका डोळ्याला चित्र मोठे आणि दुसऱ्याला लहान दाखवतात, आणि हा फरक दोन-तीन टक्क्यांचा असला तरी त्रास होतो. घेण्याआधी दोन्ही भिंगांनी उन्हात सूर्याचा ठिपका पाडून अंतर पट्टीने मोजावे, डोळ्यांनी त्यातून सूर्याकडे पाहू नये. बसवताना दुर्बिणीत आकाशाकडे असलेली बाजू आता डोळ्याकडे येते. साधे, एका बाजूने सपाट भिंग असेल तर शाळेचा मिलिमीटरचा ग्राफ पेपर चित्राच्या जागी लावा आणि भिंग दोन्ही बाजूंनी फिरवून पाहा. ज्या बाजूने कडेच्या रेषा कमी वाकतात आणि कोपरे जास्त स्वच्छ राहतात ती बाजू पक्की करा.

कडा धूसर आणि मध्य शार्प असेल तर दोष बहुतेक वेळा सपाट कागद आणि भिंगाची वक्र नाभीय पातळी यांच्या न जुळण्याचा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातली कार्डे मुद्दाम कमानीसारखी वाकवलेली असत. ती सादळून वाकलेली नाहीत. कृपा करून ती सरळ करायला वजनाखाली ठेवू नयेत, त्यावरचा थर तडकतो. स्वतः कार्ड बनवताना १ मि.मी.च्या पुठ्ठ्याला हलकी कमान दिली तर कोपरे सुधारतात.

कार्ड ३.५ × ७ इंचाचे. फोटो लॅबमध्ये ८ × १२ इंचाच्या एका प्रिंटवर अशी तीन कार्डे आडवी मावतात, त्यामुळे स्वस्त पडते. कागद ग्लॉसी घ्यावा, मॅटच्या दाण्यात बारकावा हरवतो. ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० बिंदू) प्रिंट प्लस ५ मधून दीड कलेच्या आत राहतो, म्हणजे उत्तम. प्लस १० मधून तो ३ कलांना टेकतो. मोठे भिंग लावायचे असेल तर ६०० डीपीआयवर छापणारा प्रिंटर शोधावा. रंगीत झेरॉक्सच्या दुकानातला लेझर प्रिंट कितीही चकचकीत असला तरी त्यात जाळी असते, तो या कामाचा नाही. जुने कार्ड स्कॅन करताना १२०० डीपीआय ठेवावे. ३०० वर मिलिमीटरमध्ये जास्तीत जास्त ६ रेषाजोड्या (एक काळी, एक पांढरी रेष) येतात, आणि होम्सच्या भिंगातून डोळा साडेआठपर्यंत पाहू शकतो. उरलेला बारकावा स्कॅन करतानाच वाया गेलेला असतो. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फोटो म्हणून गेलेले जोडचित्र आकुंचन पावते, दोन चित्रांत वाटले जाते, आणि एका डोळ्याच्या वाट्याला बऱ्याचदा हजार पिक्सेलही उरत नाहीत.

विशालनाची दुसरी किंमत कमी लोकांच्या लक्षात येते. ते चित्राबरोबर चुकाही मोठ्या करते. एक चित्र दुसऱ्यापेक्षा अर्धा मि.मी. वर चिकटले, तर प्लस ५ मधून तो फरक साडेआठ कला, डोळे सांभाळून घेतात. प्लस १० मधून १७ कला, त्रास सुरू होतो. ४५ मि.मी.च्या भिंगातून ३८ कला, आणि बहुतेकांना चित्र जुळतच नाही. खोलीच्या फरकाचेही तसेच. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंच्या सरकण्यात कार्डावर अडीच मि.मी.चा फरक असेल, तर प्लस ५ मधून तो पाऊण अंशापेक्षा कमी आहे, प्लस १० मधून दीड अंशाच्या आत, आणि ४५ मि.मी.मधून ३ अंशांच्या वर. एक-दीड अंशापर्यंत बहुतेकांना चालते. त्यापुढे जवळची फांदी आणि मागचा डोंगर एकाच वेळी धरता येत नाहीत. म्हणून जास्त विशालनात पाहायचे ठरवले असेल तर फोटो काढतानाच कॅमेऱ्याच्या दोन जागांमधले अंतर कमी घ्यावे. सर्वांत जवळची वस्तू ३ मीटरवर असेल तर दोन फोटोंमध्ये कॅमेरा ७ ते १० सेंमी सरकवणे पुरते. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात लेन्सचे छिद्र लहान, एफ-८ ते एफ-११ ठेवावे. जोडचित्रात नजर पुढून मागे फिरते, त्यामुळे पार्श्वभूमी धूसर ठेवण्याची सपाट फोटोतली हौस इथे चालत नाही. पण एफ-२२ पर्यंत जाऊ नये, फार बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्या विवर्तनानेच सगळे मऊ होते आणि प्लस १० मधून ते कळते.

चित्र शार्प आहे का, हे एक डोळा मिटून ठरवू नये. फिल्मचे दाणे किंवा डिजिटल गोंधळ दोन्ही चित्रांत वेगवेगळा असतो. दोन्ही डोळ्यांनी पाहिले की तो बराचसा विरतो आणि तपशील वर येतो. एका डोळ्याने खडबडीत वाटलेले चित्र दोन्ही डोळ्यांनी उत्तम ठरू शकते.

भूगोल आणि भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा तोल चांगला माहीत असतो. डेहराडूनला १९६६ मध्ये हवाई छायाचित्रे वाचण्याचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली, तेव्हापासून आपल्याकडे दोन उपकरणे शेजारी शेजारी वापरली जातात. खिशातला भिंगांचा स्टिरिओस्कोप साधारण १०० मि.मी.चा, अडीचपट. आरशांचा स्टिरिओस्कोप नुसता वापरला तर एकपटीच्या आसपास. ६० टक्के एकमेकांवर येणाऱ्या २३ सेंमीच्या दोन फोटोंचा सगळा सामायिक भाग आरशांत एकदम दिसतो. सह्याद्रीच्या कड्यात लाव्हाचे थर एकावर एक कसे आडवे पडले आहेत, पठारे कुठे तुटली आहेत, हे आधी असे कमी विशालनात वाचायचे आणि मग शंका असलेल्या जागेवर तिप्पट दुर्बीण उतरवायची. सुरुवातीपासून तिप्पट लावणारा विद्यार्थी झाडे मोजतो आणि दरी चुकवतो.

आरशांचा हाच उपाय घरीही चालतो, आणि स्पष्टता व विशालन दोन्ही हवे असलेल्यांसाठी माझी पहिली शिफारस तीच आहे. भिंगाने चित्र मोठे करण्याऐवजी चित्रच मोठे छापायचे. १२ इंच रुंदीचे दोन प्रिंट ३०० डीपीआयचे, डोळ्यापासून आरशामार्गे एकूण ४० सेंमीवर. ४२ अंश रुंदी मिळते आणि एक बिंदू पाऊण कलेपेक्षा लहान. व्हीटस्टनच्या मांडणीप्रमाणे नाकापाशी काटकोनात दोन छोटे आरसे आणि दोन बाजूंना समोरासमोर दोन प्रिंट. आरशात उलटे होते म्हणून दोन्ही प्रिंट डावे-उजवे पालटून काढावे लागतात. आरसे पुढच्या बाजूला मुलामा दिलेले हवेत. साध्या आरशात काचेच्या पृष्ठभागाचे दुसरे पुसट प्रतिबिंब येते आणि प्रत्येक कडेला सावली दिसते. जागा मात्र टेबलभर लागते.

आपल्याला एक विनंती. पुन्हा जोडचित्र छापाल तेव्हा दोन चित्रांतल्या दूरच्या वस्तूंमधले अंतर ६० मि.मी.च्या पुढे जाऊ देऊ नये, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी ते जुळेल. दोन्ही चित्रे एकाच मापात कापावीत, एकाची कड जास्त छाटली की चौकटच वर-खाली होते. चित्रावर मजकूर छापू नये, तो एकाच डोळ्याला दिसतो. आणि मूळ स्कॅन, प्रत्येक चित्राच्या रुंदीत निदान २४०० पिक्सेल असलेला, आपल्या संकेतस्थळावर उतरवून घेता येईल असा ठेवावा. पुरवणीतल्या त्या चित्रात उजवीकडे दुकानाची पाटी आहे. कागदावर तिची अक्षरे ठिपक्यांत विरली आहेत, मूळ कार्डावर ती असतील तर प्लस ५ च्या भिंगातून वाचता यायला हवीत.

आपला,
एक वाचक, पुणे